गोदाकाठचं देणं

[दृश्य: पैठणचा घाट, सकाळ. घागरी भरून वर येणारी माणसं.]

फाल्गुन वद्य द्वितीया, तुकाराम बीज. पैठणला नाथांच्या जुन्या वाड्यात रांजणाची पूजा झाली. आता नाथषष्ठीपर्यंत ज्याला वाटेल तो गोदावरीचं पाणी आणून यात ओतणार. गल्लीतली बाई, दिंडीतला वारकरी, शाळेतलं पोर, कुणीही.

संत एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या नावानं बारा वर्षं राबला, कावडीनं पाणी भरत राहिला, ही इथली श्रद्धा. षष्ठीच्या दिवसांत तो पुन्हा पाणी घेऊन येतो म्हणतात. ज्याच्या घागरीनं रांजण भरून वाहू लागतो, त्याच्या रूपानं देव आला असं मानतात आणि त्याचा मान करतात.

मला या प्रथेत सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की मान एकाला मिळतो खरा, पण त्या घागरीखाली आधीच्या कितीतरी घागरींचं पाणी असतं. त्यातलं कुणाचं कोणतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

[दृश्य: उन्हात तापलेलं वाळवंट, कोरडा ओढा.]

नाथांची गाढवाची गोष्ट आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघालेले नाथ. वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव. रामेश्वरावर घालायचं पाणी नाथांनी त्याच्या तोंडात ओतलं. सोबतचे हळहळले. नाथ म्हणाले, माझा रामेश्वर इथंच पाणी प्याला.

मराठवाड्यात ही गोष्ट नुसती कीर्तनातली म्हणून ऐकता येत नाही. 1972चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून गावोगाव आहेत. 2016च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. हंड्यासाठी टँकरच्या मागं धावलेल्या बाईला कावड रिकामी करणं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाला नाथसागर हे नाव पडलं, ते या मातीला शोभणारंच. आणि चैत्राचं ऊन तापलं की बसस्टँडबाहेर कुणीतरी ओल्या फडक्यात गुंडाळलेले माठ मांडतंच.

[दृश्य: गावातला सप्ता. मंडप, वीणा, पारायण.]

गावात सप्ता बसला की घरोघर तवे तापतात. ज्याच्याकडं दहा एकर आहे त्याच्या घरून भाकरी येते, आणि रोजानं जाणाऱ्या बाईच्या घरूनही येते. सगळ्या भाकरी एका ढिगात पडतात. मोठ्या कढईत आमटी उकळते. पंगत बसली की पानात आलेली भाकरी कुणाच्या चुलीवरची, हे कोण ओळखणार? शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं, तेव्हा तर सगळंच एकत्र कालवलेलं.

एक गोष्ट मात्र खटकते, आणि ती बोललीच पाहिजे. अलीकडं मंडपाच्या तोंडाशी अन्नदात्यांचे मोठमोठे फलक लागतात. फोटो, आकडे, पदं. पैसा देणाऱ्याचा भाव खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण चार भाकरी देणाऱ्या बाईला तो फलक वाचून आपलं देणं हलकं वाटलं, तर सप्त्यातलं काहीतरी हरवलं.

[दृश्य: नांदेड, सचखंड गुरुद्वारा. लंगर.]

गोदावरीच्याच काठानं खाली नांदेडला या. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी इथं ग्रंथसाहेबाला गुरुपद दिलं. त्याच ग्रंथात नामदेवांची 61 पदं आहेत, आणि नामदेवांची नरसी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. शीख परंपरेत कमाईचा दहावा हिस्सा धर्मकार्याला द्यायचा असतो, त्याला दसवंध म्हणतात. पण लंगर नुसत्या पैशावर चालत नाही. पीठ मळायला, भांडी घासायला, वाढायला हात लागतात, आणि ते येतात. पंगतीत पंजाबहून आलेला यात्रेकरू असतो, बाजाराला आलेला शेतकरी असतो, गाडी चुकलेला प्रवासी असतो. बसायची जागा सगळ्यांना एकच, जमिनीवर.

नांदेडला उतरलात तर लंगरात जेवा. आणि जेवून झाल्यावर घटकाभर रोट्या लाटायला बसा. पोळपाट पुढं सरकवतील, नाव-गाव कुणी विचारणार नाही.