कावीळ झाली, आता दाखवायचं कुणाला?

नमस्कार मंडळी. आपल्या इंदुरात कुणाचे डोळे पिवळे दिसले की शेजारच्या काकू लगेच म्हणतात, "पीलिया झडवून घ्या," म्हणजे मांत्रिकाकडून कावीळ उतरवून घ्या. रामबागेतल्या मराठी घरांतही मग गळ्यात माळ येते. माळ लांबत बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली!

ती माळ मी उलगडून पाहिली आहे. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवलेले असतात. काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल पडतात, दोरा लांबतो. खुंटीला टांगली तरी लांबेल. मग माणूस बरा कसा होतो? दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए किंवा ई ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. नाव माळेचं होतं.

माझ्या मावसभावाची कावीळ तसली नव्हती. अंगभर खाज, लघवी गडद, शौचाला पांढुरकी. तीन आठवडे आम्ही माळ लांबायची वाट पाहिली. पित्तनळीत खडा अडकला होता. ते तीन आठवडे मला अजून सलतात.

रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. त्या मोडल्या की पिवळं बिलिरुबिन तयार होतं आणि यकृत ते पित्तातून बाहेर टाकतं. मलेरिया किंवा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात पेशी भराभर फुटतात, कधी यकृतच सुजतं, कधी पित्ताची वाट अडते. डोळे तिन्ही वेळा पिवळेच.

म्हणून आधी एमडी मेडिसिनवाल्या डॉक्टरांकडे जा. एम.वाय. या इंदुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीतही दाखवता येतं. एलएफटी (यकृताची तपासणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि सोनोग्राफी झाली की दिशा कळते. वाट अडली असेल किंवा यकृताचं दुखणं असेल तर गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट, म्हणजे पोट-यकृताचे तज्ज्ञ. नळीतला खडा ते बहुतेक वेळा दुर्बिणीनेच काढतात. पेशी फुटत असतील तर हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञ.

गरोदर बाईला कावीळ झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो. बाळ जन्मल्यावर पहिल्या 24 तासांत पिवळं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना लगेच बोलवा. आणि कावीळ झालेला माणूस असंबद्ध बोलू लागला, गुंगीत गेला किंवा रक्त पडू लागलं, तर ओपीडीची वाट पाहू नका, थेट इमर्जन्सीत न्या.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. टीबीच्या औषधांनीही यकृत सुजू शकतं. झाडपाल्याचा काढा घेतला असेल तर तोही सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका, काही काढेच यकृताला बाधतात.