स्वभाव मोजायचा, पण कोणत्या भाषेत?

स्थळाची चौकशी चालली असेल तर प्रश्न ठरलेला: मुलगा स्वभावानं कसा? उत्तर येतं, ‘चांगला आहे की, पण जरा भिडस्त.’ खानापूर असो की निपाणी, ऐकणाऱ्याला तेवढं पुरतं. आज या एका शब्दापासून सुरुवात करतो, कारण व्यक्तिमत्त्वाच्या मानसशास्त्रातली सर्वांत भक्कम शाखा अशाच शब्दांतून उगवली.

फ्रॉइडचं नाव अशा व्याख्यानात आधी येतं, तेव्हा तो हिशेब लवकर मिटवू. १९२३ साली त्यानं मनाचे तीन भाग मांडले: इदम्, पराहम् आणि अहम्. हवं म्हणणारी वासना, नको म्हणणारी आतली शिकवण आणि या दोघांच्या मध्ये सापडलेला व्यवहार. अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी मानसशास्त्रज्ञ युंगच्या १९२१च्या ग्रंथामुळे रूढ झाली. पुढे मॅस्लो आणि रॉजर्स या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या वाढण्याच्या ओढीवर भर दिला. फ्रॉइडची अडचण अशी की मुलगा बापाशी भांडला तरी सिद्धांत खरा, आणि नाही भांडला तरी ‘राग दडपला’ म्हणून खराच. चुकूच न शकणारं विधान तपासणार कसं?

शब्दांची वाट वेगळी. जो स्वभावभेद रोजच्या व्यवहारात लोकांना महत्त्वाचा वाटतो, त्याला भाषेत कधी ना कधी शब्द मिळतोच, हे तिचं गृहीत. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी १९३६ मध्ये वेबस्टरचा मोठा इंग्रजी कोश चाळून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचले. त्यांतले साडेचार हजार टिकाऊ गुणांचे निघाले. रेमंड कॅटलनं सांख्यिकीची चाळणी लावून ते १६ घटकांवर, म्हणजे एकत्र आढळणाऱ्या गुणांच्या गटांवर, आणले. १९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलाकडे काम करणाऱ्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना निरनिराळ्या गटांत पुन:पुन्हा पाचच घटक दिसले. बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्याबद्दलचा मोकळेपणा हे आजचे पाच घटक. कोस्टा आणि मॅक्रे यांच्या १९९२च्या प्रश्नावलीत प्रत्येक घटकाचे सहा उपघटक आणि प्रत्येक उपघटकाला आठ विधानं, म्हणजे एकूण २४०.

आता यात भिडस्त कुठे बसवाल? लाजरा समजून बहिर्मुखतेच्या खालच्या टोकाला टाकलात तर फसाल. भिडस्त माणूस लग्नाच्या मांडवात चार तास गप्पा मारेल. उसने पैसे मागितले की मात्र त्याच्या तोंडून नाही निघत नाही. तो सौहार्द आणि अस्थिरता या दोन घटकांत वाटला जाईल. ‘आतल्या गाठीचा’ बसवणं तर त्याहून अवघड.

म्हणून भाषांतरित चाचणी हाती आली की आधी विधानं वाचावीत. इंग्रजीत एक गाजलेलं विधान आहे, मेजवानीत मीच रंग भरतो अशा अर्थाचं. शब्दश: मराठीत ते ‘मी पार्टीचा जीव आहे’ असं होतं, आणि बेळगावात पार्टी म्हटलं की निम्मे लोक निवडणुकीकडे वळतील! त्याजागी ‘मांडवात अनोळखी पाहुण्यांशी मी आपणहून बोलायला लागतो’ हे चालेल. रीत अशी: दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, ते जुळवायचं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यायचं, तफावत दिसेल तिथं दुरुस्ती. मग वीस-तीस जणांना विधान वाचून दाखवायचं आणि ‘तुम्हाला काय समजलं?’ एवढंच विचारायचं. दुहेरी नकार इथेच पकडला जातो. ‘मला गर्दी आवडत नाही असं नाही’ याला सहमत म्हणणाऱ्याला नेमकं काय म्हणायचं असतं, ते त्यालाही सांगता येत नाही.

गुण देताना सगळ्यात जास्त होणारी चूक उलट्या विधानांची, म्हणजे ज्यांना ‘होय’ म्हटलं की तो घटक कमी ठरतो अशा विधानांची. समजा बहिर्मुखतेची चार विधानं आहेत, गुण १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं), दुसरं आणि चौथं उलटं. उत्तरं आली ४, २, ५, १. उलट्या विधानाचा गुण सहातून वजा करायचा: २चे ४ होतात, १चे ५. बेरीज २०पैकी १८. हे विसरलात तर बेरीज येते १२, आणि अखंड बोलणारा माणूस बरोबर मधोमध जाऊन बसतो. उलटी विधानं घालायचीच कशाला? सगळ्याला ‘होय, होय’ म्हणणाऱ्यांसाठी. चारही ठिकाणी ५ लिहिणाऱ्याची बेरीज १२वर येते. ती विधानं नसती तर त्याला २० मिळाले असते. आणि असा होयबा कोण, तर बऱ्याचदा आपला भिडस्तच.

दुसरी चूक म्हणजे माणसाला कप्प्यात टाकणं. सरासरी ५०, प्रमाण विचलन (गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा) १० आणि विश्वसनीयता (मोजमाप किती भरवशाचं, १ म्हणजे पूर्ण) ०.८४ असेल तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे गुण इकडेतिकडे सरकण्याचा अंदाज, ४ येते. म्हणजे ५२ गुण मिळालेल्याचा खरा गुण साधारण ४४ ते ६० यांत कुठेही असू शकतो. ५०वर रेघ मारून वरचे बहिर्मुख, खालचे अंतर्मुख असं केलं की पुढच्या महिन्यात ४९ मिळाले म्हणून त्याच माणसाचा कप्पा बदलतो. बहुतेक माणसं मध्याजवळच असतात, त्यामुळे माणसांना १६ प्रकारांत टाकणाऱ्या लोकप्रिय चाचण्या तिथेच अडखळतात. तरी निकाल वाचून लोक ‘अगदी मीच’ म्हणतात. बर्ट्रम फोररनं १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना एकच छापील वर्णन दिलं. ते ज्योतिषाच्या पुस्तकातल्या वाक्यांनी जुळवलेलं होतं. प्रत्येकानं ते आपलं समजून ५पैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलचा स्वभावचाचण्यांवरचा १९६८चा हल्ला याहून खोल होता. चाचणीतला गुण आणि एखाद्या प्रसंगातलं वागणं यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.३०च्या आसपासच राहतो, असं त्यानं दाखवलं. मोठा वाद झाला. पुढे १९९५ मध्ये युइची शोडाबरोबर त्यानं मांडलं की स्थिर असते ती ‘असं असेल तर तसं’ ही घडी. घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि मुलाखतीत इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या भागाला हे पटकन कळावं. तिन्ही ठिकाणी एकाच माणसाचा आवाज वेगळा लागतो. पण कचेरीतला आवाज दर वेळी तोच. रामिरेझ-एस्पार्झा आणि सहकाऱ्यांना २००६ मध्ये स्पॅनिश-इंग्रजी द्विभाषिक इंग्रजीतून उत्तरं देताना किंचित जास्त बहिर्मुख दिसले. तो निष्कर्ष मराठी-कन्नडवर जसाच्या तसा चिकटवू नये. पण उत्तरपत्रिकेवर चाचणीची भाषा लिहावी, आणि कन्नडमधून दिलेल्या उत्तरांची तुलना मराठी गटाच्या सरासरीशी करू नये.

‘स्वभावाला औषध नाही’ हेही अर्धंच खरं. रॉबर्ट्स आणि डेलव्हेकिओ यांनी २००० साली १५२ अभ्यास एकत्र केले. माणसांचा आपसातला क्रम टिकण्याचं प्रमाण बालपणी ०.३१, कॉलेजच्या वयात ०.५४, तिशीत ०.६४ आणि पन्नाशीनंतर ०.७४ निघालं. म्हणजे दहावीतल्या पोरावर ‘हा असाच’ असा शिक्का मारणं फार घाईचं.

मानसशास्त्रज्ञ जॉर्ज केलीची १९५५ची पद्धत मात्र कुणाच्याच कोशावर अवलंबून नाही. त्याला माणूस जग कोणत्या चष्म्यातून पाहतो ते हवं होतं. ओळखीच्या दहा-बारा माणसांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून घ्यायची: आई, वरिष्ठ, न पटणारा शेजारी वगैरे. तीन चिठ्ठ्या समोर ठेवायच्या. यातले दोघे कशात सारखे, आणि तिसरा कसा वेगळा? जो शब्द येईल तो कागदाच्या एका बाजूला, त्याचा विरुद्ध समोर. मग दुसरे तिघे. समोरचा ‘भिडस्त’ म्हणाला तर त्याच्या लेखी त्याचं दुसरं टोक कोणतं ते विचारायचं. एकाला ते ‘रोखठोक’ वाटेल, दुसऱ्याला ‘निर्लज्ज’. शब्द कन्नड आला तर कन्नडच लिहायचा, शुद्ध करत बसायचं नाही. त्याच त्या जोड्या फिरून यायला लागल्या की चिठ्ठ्या आवरायच्या.