थकलेल्या घोड्यांची इंग्रजी

घोड्याचा ओठ वर उचललेला पाहा. बाजारात घोडा घ्यायला आलेला माणूस सगळ्यात आधी हेच करतो. जनावराला जन्मदाखला नसतो, त्याचं वय दातांवर वाचायचं असतं. साधारण पाचव्या वर्षी पुढचे सगळे पक्के दात आलेले असतात. त्यांच्या माथ्यावर काळसर खळगे असतात. चारा चावून ते झिजतात, आणि आठव्या वर्षाच्या सुमारास खालच्या दातांवरून जवळजवळ पुसले जातात. पुढे दात तिरके होऊन बाहेर झुकतात, लांब दिसू लागतात. वय झालेल्या माणसाला इंग्रजीत ‘लाँग इन द टूथ’ म्हणतात, ते यावरून. भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात पाहू नये, असं इंग्रज सांगतो. आपण म्हणतो, दानाच्या गाईचे दात मोजू नयेत.

दातांवर किंमत ठरायची, म्हणून दातच बदलणारे व्यापारीही निघाले. तापलेल्या लोखंडाने म्हाताऱ्या घोड्याच्या गुळगुळीत दातांवर खोटे खळगे डागायचे. या लबाडीला ‘बिशपिंग’ म्हणत. फ्रान्सिस ग्रोस यांनी १७८५ साली बाजारबोलीचा कोश छापला. त्यात याहून क्रूर रीत नोंदलेली आहे. घोड्याच्या गुदद्वारात आलं घालायचं. आग होऊ लागली की बिचारा शेपूट उचलून तरतरीत चालायचा, आणि गिऱ्हाईक फसायचं. मरगळलेल्या कामात जान आणणं, या अर्थाचा ‘जिंजर अप’ हा वाक्प्रचार या रीतीशी जोडला जातो. हे कळल्यापासून मला तो शब्द सहज उच्चारता येत नाही.

सगळ्यात लांबची मजल मारली ती ‘हॅकनी’ या शब्दाने. मध्ययुगात हॅकनी म्हणजे स्वारीचा साधा घोडा, बहुतेकदा भाड्याने मिळणारा. भाड्याच्या घोड्यावर आज एक बसणार, उद्या दुसरा, आणि प्रत्येक जण पैसे वसूल होईपर्यंत त्याला दामटणार. म्हणून वापरून वापरून जीव गेलेल्या शब्दाला किंवा कल्पनेला ‘हॅकनीड’ म्हणू लागले. त्याचंच तोकडं रूप ‘हॅक’. पैसे मिळतील तसं, सांगतील ते लिहून देणारा लेखक म्हणजे हॅक. मराठीतलं भाडोत्री तट्टू याच तबेल्यातलं! संगणकवाल्या हॅकरचं कूळ मात्र वेगळं. ते घाव घालून तोडण्याच्या ‘हॅक’वरून आलं. लंडनच्या टॅक्सीचं कायद्यातलं नाव आजही ‘हॅकनी कॅरेज’ आहे. घोडा गेला, नाव राहिलं.

पाय संपले की घोडा ‘नॅकर’च्या वाड्यात जायचा. निकामी जनावरं विकत घेऊन मारणं हा त्याचा धंदा. कातडं कमावणाऱ्याकडे, खुरं सरस करायला, हाडं खताला. मांस उकडून लंडनच्या गल्ल्यांतून मांजरांसाठी विकलं जाई. आज ब्रिटनमध्ये दिवसभर राबून घरी आलेला माणूस अंग टाकतो आणि म्हणतो, ‘आय ॲम नॅकर्ड’.

आणि ‘जेडेड’, म्हणजे सगळ्याचा वीट आलेला. त्याच्या मुळाशी ‘जेड’, झिजलेला, मरतुकडा घोडा. हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी जेफ्री चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ या गोष्टींच्या संग्रहात भेटतो. लंडनहून कँटरबरीला निघालेल्या यात्रेकरूंत एक साधा धर्मगुरू आहे, अशाच एका जेडवर बसलेला. यात्रेत सोबत असलेला खानावळीचा मालक त्याला गोष्ट सांगायला लावताना म्हणतो, घोडा घाणेरडा आणि हडकुळा असला म्हणून काय झालं, तुझं काम भागवतोय ना, मग कशाला पर्वा करतोस? धर्मगुरू आनंदाने मान्य करतो आणि गोष्ट सांगू लागतो, एका कोंबड्याची. त्या कोंबड्याला नाव आहे, शाँटिक्लीर. घोड्याला नाही.