चार टीबीचा उतारा

[दृश्य: कौलांवरून गळणारा पाऊस. टेबलावर हार्ड डिस्क.]

गोव्यातला फोंडा तालुका. ऐन पावसाळा. या ४ टेराबाइटच्या डिस्कमध्ये मामांनी वर्षानुवर्षं टिपलेली जत्रांमधली मराठी नाटकं आहेत. भाच्याने स्वतः लिहिलेल्या कर्नलला, म्हणजे संगणक-प्रणालीच्या गाभ्याला, मात्र तिच्यात एकच विभाग दिसतो. प्रकार: ईई.

[दृश्य: पडद्यावर बाइटांच्या ओळी.]

हे ईई म्हणजे बुजगावणं. १९८३ साली पीसी डॉसबरोबर आलेली एमबीआर ही डिस्कच्या विभागांची जुनी सारणी. डिस्कच्या पहिल्याच, म्हणजे शून्याव्या, सेक्टरमध्ये (सेक्टर म्हणजे डिस्कचा ठरावीक मापाचा तुकडा) ती ६४ बाइटांत मावते. नोंदी चारच, सेक्टर क्रमांक ३२ बिटांचा. ५१२ बाइटांचा सेक्टर धरला, तर हिशेब २.२ टेराबाइटच्या आसपास संपतो. जीपीटी ही नवी सारणी. जुन्या प्रणालींनी डिस्क रिकामी समजू नये, म्हणून ती शून्याव्या सेक्टरवर हे बुजगावणं उभं करते. आपला कर्नल त्यालाच राखणदार समजून परत फिरत होता.

खरा उतारा पुढच्या सेक्टरपासून. बोट कुठे आहे पाहा: ‘ईएफआय पार्ट’, सारणीच्या हेडरची, म्हणजे मथळ्याची, आठ बाइटांची खूण. मग सहसा १२८ नोंदी, प्रत्येकी १२८ बाइटांची. गोव्यात जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर सर्व्हे नंबर असतो, तसा इथे प्रत्येक विभागाला १६ बाइटांचा ओळखक्रमांक. त्याचे पहिले तीन गट उलट्या क्रमाने लिहायचे, उरलेले सुलट. असं का, हे भाच्याला विचारू नका. तो अजून चिडतो.

[दृश्य: वही, लाल फुली.]

ही फुली सीआरसीची, म्हणजे मजकूर बिघडला नाही ना हे तपासणाऱ्या आकड्याची. हेडरची पडताळणी जुळेचना. आकडा काढण्याआधी हेडरमधली सीआरसीची जागा शून्य करायची असते, तीच राहिली होती.

आता गंमत. चाचणीसाठी केलेल्या डिस्क-प्रतिमेचं (फाइलमधल्या नकली डिस्कचं) पहिलं हेडर त्याने मुद्दाम बिघडवलं. बघा, कर्नल थेट शेवटच्या सेक्टरकडे धावला. तिथे सारणीची दुसरी प्रत असते. एमबीआरला अशी सोय नव्हती. पडद्यावरच्या या एका ओळीसाठी आम्ही कॅमेरा तासभर लावून बसलो होतो.

सेक्टर क्रमांक कर्नलभर ६४ बिटांचे केले. ते चित्रित करण्याजोगं नव्हतं.

[दृश्य: मामा खुर्ची ओढून बसतात.]

तीन विभाग दिसले. नाटकं दुसऱ्या डिस्कवर उतरवली. विभागाचं नाव मामांनी देवनागरीत ठेवलं होतं; जीपीटीत ते चालतं, नावं यूटीएफ-१६ या अनेक लिप्या सामावणाऱ्या संकेतात असतात. कन्सोलला देवनागरी टंक नाही, म्हणून नावाच्या जागी नुसते चौकोन.

“अरे, हे काय लिहिलंय?”

“नाटकं, मामा.”

[नांदीचा आवाज. पाऊस.]