न विकली गेलेली दहा एकर

(पडद्यावर: दाट झाडीत उभे चार उंच पांढरे खांब)

लांबून हे खांब दगडी वाटतात. जवळ जाऊन बोटाने टकटक करून बघा, लाकडाचे आहेत. १८६१ साली सिअ‍ॅटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाची पहिली इमारत उभी राहिली, तिच्या दर्शनी भागातले हे खांब. इमारत केव्हाच पाडली गेली आणि खांब नव्या आवारात आले. ज्या जमिनीवर ते आधी उभे होते, ती जमीन मात्र विद्यापीठाने सोडलेली नाही.

(पडद्यावर: शहराच्या मध्यभागातले उंच मनोरे)

ती ही. या मनोऱ्यांच्या खाली.

१८९५ मध्ये विद्यापीठ ऐसपैस आवारात हललं आणि जुनी दहा एकर जागा मागे राहिली. विश्वस्तांना ती विकायचीच होती. पण १८९३ च्या मंदीनंतर मनाजोगता भाव देणारं कुणी भेटेना. आज याला दूरदृष्टी म्हणायचा मोह होतो, पण खरं कारण साधं होतं: गिऱ्हाईकच मिळालं नाही. शेवटी जागा भाडेपट्ट्याने दिली. १९०७ पासून एका कंपनीने तिथे इमारती बांधायला घेतल्या, १९२४ मध्ये ऑलिंपिक हॉटेल उघडलं. १९५४ ला पट्ट्याची मुदत संपली आणि जमिनीबरोबर वरच्या इमारतीही विद्यापीठाकडे आल्या.

ऐकायला सोपं वाटतं. पण पन्नास वर्षांचा करार करणारे अधिकारी तो संपताना खुर्चीवर नसतात. भाडं ठरावीक वर्षांनी वाढेल हे कलम तेव्हा राहून गेलं, तर पुढच्या दोन पिढ्या जुन्याच दराने पावत्या फाडतात. मुदतीची शेवटची दहा-पंधरा वर्षं तर फारच नाजूक. इमारत आपल्या हातून जाणार हे भाडेकरूला ठाऊक असतं. मग गळकं छप्पर, जुनी लिफ्ट यांवर तो कशाला खर्च करेल? उरलेली मुदत कमी म्हणून बँकही कर्ज द्यायला तयार होत नाही. म्हणून जाणती विद्यापीठं मुदत संपण्याच्या कितीतरी आधी बोलणी सुरू करतात, आणि इमारत कोणत्या अवस्थेत परत करायची हे करारातच लिहून घेतात.

(पडद्यावर: मोजणीचा नकाशा, त्यावर पेन्सिलीची रेघ)

मालमत्ता विभागाचं रोजचं काम याहून रुक्ष. हद्दीचा दगड जागेवर आहे का? शेजाऱ्याचं कुंपण दोन हात आत सरकलंय का? देणगी देताना दात्याने 'फक्त शिक्षणासाठी' अशी अट घातली होती का? वेळेवर हरकत घेतली नाही, तर कुठे कुठे वहिवाटीचा हक्क तयार होतो. प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला फोटो निघतात, हद्दीच्या दगडाला कोण विचारतं!

(पडद्यावर: उजाड, झुडपांचं माळरान)

आणि हे टेक्सास. राज्याच्या १८७६ च्या राज्यघटनेने टेक्सास विद्यापीठाला पश्चिमेकडची दहा लाख एकर जमीन दिली, १८८३ मध्ये आणखी दहा लाख. कुणाला नको असलेली, पाण्याविना कोरडी जमीन. गुरं चारायला देऊन जे भाडं येईल तेच उत्पन्न. मग २८ मे १९२३ रोजी सांता रीटा क्रमांक १ या विहिरीतून तेल उसळलं. त्या जमिनीतून येणारं तेलाचं स्वामित्वधन, म्हणजे तेल काढणाऱ्यांनी जमीनमालकाला द्यायचा वाटा, एका कायम निधीत जमा होतं. मुद्दल राखायचं आणि ठरवून दिलेला वाटाच विद्यापीठांनी वापरायचा, असा नियम.

विहिरीवरची जुनी यंत्रसामग्री आता विद्यापीठाच्या ऑस्टिन शहरातल्या आवारात मांडून ठेवलीय. माळावर मात्र अजून वर गुरं चरतात, खालून तेल निघतं, मधून पाइपलाइन जाते, कडेला पवनचक्क्या फिरतात. जमीन एकच, पण प्रत्येकाचा करार वेगळा, दर वेगळा आणि मुदत संपण्याची तारीखही वेगळी.