पाणी, पेट्रोल आणि पक्या

नमस्कार मंडळी. मला सांगितलं होतं की तुझ्या त्या वाळवंटातल्या विमानाच्या ट्रिपबद्दल बोल आणि फोटो दाखव. फोटो दाखवतो, पण शेवटी, कारण फोटोतले चार दिवस कमी आणि त्याच्या आधीचे तीन महिने जास्त आहेत, आणि ते सगळे डॉक्टरच्या डायनिंग टेबलावर भांडण्यात गेलेत.

माझ्याकडे प्रायव्हेट पायलटचं लायसन्स आहे, ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या पॅराफिल्डहून क्लबचं सेसना १७२ भाड्याने घेतो. चार सीट, एक इंजिन, आतून साधारण जुन्या फियाटएवढं. मी, डॉक्टर (दातांचे, पण आम्ही डॉक्टरच म्हणतो) आणि पक्या. ठरलं काय, तर पोर्ट ऑगस्टा, ली क्रीक, तिथून मरीवरून विल्यम क्रीक आणि मग जमलं तर बर्ड्सव्हिल. बर्ड्सव्हिल पक्याचा हट्ट, कारण तिथे रनवेच्या समोरच पब आहे, १८८४ सालचा, विमान लावायचं आणि रस्ता ओलांडून आत जायचं.

लोकांना वाटतं वाळवंटातून जायचं म्हणजे टाकी फुल्ल करायची. गाडीत आपण तेच करतो ना, हायवेला लागायच्या आधी फुल्ल. इथे नेमकं तेच करता येत नाही. या विमानाचं जास्तीत जास्त उड्डाणाचं वजन ११५७ किलो. आमचं रिकामं विमान साधारण ७७०. म्हणजे माणसं, सामान, पाणी, पेट्रोल सगळं मिळून ३८७ किलो. टाकीत वापरता येईल असं २०० लिटर बसतं, ॲव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, लिटरला ०.७२ किलो, म्हणजे फुल्ल टाकीचे झाले १४४. उरले २४३, आणि आम्ही तिघे.

मग माणसांचं वजन. पक्या म्हणाला ८४. मी म्हटलं बरं, वजनकाटा आण. बूट, जॅकेट, खिशातली पॉवरबँक सकट उभा केला, ९१. "अरे सकाळचं बघितलं असशील, आत्ता जेवलोय." अरे पण तिकडे पण जेवणारच आहेस ना! मी ७८, डॉक्टर ८२, एकूण २५१. म्हणजे टाकी फुल्ल करून आम्ही नुसते कपड्यांवर बसलो तरी ८ किलो जास्त. बॅगा अजून धरल्याच नाहीत.

डॉक्टरने वहीच काढली. वीस लिटर पाणी, वीस किलो. विमान बांधायचे दोर, फर्स्ट एड, ऑईल, ताडपत्री, खायचं, सॅटेलाइट फोन, मिळून पंधरा. बॅगा पाच-पाच किलो, चाकं नकोत, मऊ पाहिजेत कारण मागे कोंबायच्या असतात. झाले पन्नास. उरले ८६ किलो, म्हणजे ११९ लिटर पेट्रोल. तासाला ३५ लिटर जातं. एक तासाचं कायम राखीव, त्याला हात लावायचा नाही, हा आमचा स्वतःचा नियम. राहिलं ८४ लिटर, म्हणजे २ तास २४ मिनिटं, ताशी साधारण २१० धरले तर पाचशे किलोमीटर. विल्यम क्रीक ते बर्ड्सव्हिल सरळ रेषेत ४५० च्या आसपास, आणि मध्ये पेट्रोल नाही.

पक्या म्हणाला, बसतंय की! बसतंय, पण वारा नसेल तर. समोरून दहा नॉटचा, म्हणजे ताशी साधारण १९ किलोमीटरचा वारा असेल तर कसंबसं बसतं, त्याच्यापुढे नाही. मग पक्याचं दुसरं सोल्युशन, "पाणी कमी करू ना, दहा लिटर काढ, तेवढंच पेट्रोल घे."

तेव्हा डॉक्टरने कूकाबरा काढलं. म्हणजे पक्षी नाही, विमान. १९२९ च्या एप्रिलमध्ये इथला प्रसिद्ध पायलट किंग्सफर्ड स्मिथ त्याचं 'सदर्न क्रॉस' विमान घेऊन वायव्य किनाऱ्याकडे बेपत्ता झाला होता. त्याला शोधायला कीथ अँडरसन आणि बॉब हिचकॉक हे दोघं 'कूकाबरा' नावाच्या छोट्या वेस्टलँड विजनमधून ॲलिस स्प्रिंग्जहून निघाले. इंजिनात बिघाड म्हणून तनामी वाळवंटात उतरले. बिघाड तात्पुरता दुरुस्त केला, पण झुडपांमधून परत उडता येईना, रेडिओ नाही, पाणी अगदी थोडं. अँडरसन विमानाच्या रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूच्या, कापडावर डायरी लिहीत होता. दोघंही तहानेनं गेले. आणि ज्याला शोधायला निघाले तो त्याच दिवसांत जिवंत सापडला. क्वांटास विमान कंपनीच्या पायलटला, लेस्टर ब्रेनला, कूकाबरा वरून दिसलं तोवर उशीर झाला होता.

पक्या पाण्याबद्दल परत काही बोलला नाही. नकाशावर काही भाग 'डेझिग्नेटेड रिमोट एरिया' म्हणून आखलेले आहेत, तिथून जायचं तर जगायचं सामान न्यावंच लागतं, तो नियमच आहे, पण किती पाणी हे तुम्हालाच ठरवायचं असतं. आम्ही ठरवलं, वीसचे वीस. पेट्रोल कमी पडतंय तर जायचं नाही. आणि हे घरात, पोट भरलेलं असताना लिहून ठेवलं: विल्यम क्रीकला सकाळी समोरचा वारा दहाच्या वर असेल तर बर्ड्सव्हिल कॅन्सल, चर्चा नाही, खाली तिघांच्या सह्या.

बाकीचं पटकन सांगतो. जुलै निवडला, तेव्हा इथे हिवाळा असतो, कारण उन्हाळ्यात हवा तापून पातळ होते, पंख आणि इंजिन दोन्ही सुस्त होतात आणि रनवे जास्त लागतो. प्रत्येक ठिकाणी आधी फोन, पेट्रोल आहे का, कुठलं कार्ड चालतं, पाऊस पडलाय का, कारण मातीच्या स्ट्रिपा एका पावसात बंद होतात. आणि सारटाइम: अमुक वाजेपर्यंत माझा फोन आला नाही तर मला शोधा, असं सांगून ठेवायचं. उतरल्यावर तो कॅन्सल करायचा असतो, नाहीतर इकडे तुम्ही जेवताय आणि तिकडे शोध सुरू! विल्यम क्रीकला माझं तेच होत होतं. मोबाईलला रेंज नाही, माश्या हाकलत बसलो, डॉक्टर म्हणाला "फोन केलास का रे?" अकरा मिनिटं राहिली होती. सॅटेलाइट फोन बॅगेच्या तळाशी.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्ट्रटवर, म्हणजे पंखाच्या तिरक्या दांड्यावर, पाय ठेवून चढलो, टाकीत डिपस्टिक बुडवली, ११८. बोटं गारठलेली, पेट्रोलचा वास. खाली पक्या फोरकास्ट घेऊन उभा. काही बोलेना. मी विचारलं किती? "अठरा नॉट." समोरून? "समोरूनच."

मग विमानात बसलोच, पण कटी थांडा लेक एअरवर चक्कर मारायला. समुद्रसपाटीच्या पंधरा मीटर खाली असलेलं तळं, पाणी क्वचितच, नुसतं मीठ. वर पांढरं, खाली पांढरं, क्षितिज गायबच झालं. अशा वेळी बाहेर बघून विमान सरळ आहे का हे कळत नाही, मी डोळे इन्स्ट्रुमेंटवर ठेवले आणि किनारा दिसेपर्यंत उचललेच नाहीत. मागे पक्या चक्क गप्प. त्याला आयुष्यात मी एवढा वेळ गप्प बघितलेला नाही.

बर्ड्सव्हिल राहिलंय. पुढच्या जुलैत परत जायचं चाललंय, आणि वजन कमी केलं का म्हणाल तर तो तिसऱ्या रांगेत बसलाय, वडापाव हातात आहे, त्यालाच विचारा.