पिशवी काढण्याआधी

नमस्कार मैत्रिणींनो. आणि घरातली पुरुषमंडळी ऐकत असतील तर त्यांनीही बसून राहावं. बायकांचा विषय म्हणून उठून जाण्यासारखं यात काही नाही.

माझी थोरली बहीण ४३ वर्षांची होती, तेव्हाची गोष्ट. पाळी आठ-आठ, दहा-दहा दिवस चालायची. रक्ताच्या गाठी पडायच्या. रात्री उठून ही चादर बदलायची आणि सकाळी कुणाला पत्ता लागू द्यायची नाही. सात महिने तिने अंगावर काढले. मग सोनोग्राफी झाली, गर्भाशयाला चार सेंटिमीटरची गाठ निघाली आणि डॉक्टर म्हणाले, "पिशवी काढून टाकू. पुढच्या गुरुवारी या."

ताईने घरी येऊन बॅग भरली. मला फोनवर म्हणाली, "दोन मुलं झाली, आता त्या पिशवीचं काय करायचंय?"

हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय, आणि दर वेळी मला तितकंच टोचतं. मुलं झाली की बाईच्या शरीराचा तेवढा भाग फुकटचा झाला, हे कुणी ठरवलं? असो.

मी म्हटलं, "आणखी एका डॉक्टरांना दाखवू या." तर ती म्हणते, "नको गं, आपल्या डॉक्टरांना वाईट वाटेल." सात महिने रक्त जात होतं तिचं आणि चिंता डॉक्टरांच्या मनाची! शेवटी मी जवळजवळ हाताला धरूनच तिला नेलं.

त्या दुसऱ्या डॉक्टरबाईंनी फाइल बाजूला ठेवली आणि आधी विचारायला सुरुवात केली. दिवसाला पॅड किती लागतात? थंडी जास्त वाजते का? केस गळतात? वजन वाढलंय? ताई माझ्याकडे बघायला लागली. पाळीचा आणि केसांचा काय संबंध? संबंध होता. रक्त तपासलं तर थायरॉईड बरंच मंदावलेलं, आणि हिमोग्लोबिन ७.८. म्हणजे पिशवी काढायचीच असती तरी आधी रक्त भरून काढणं भाग होतं. सोनोग्राफी पुन्हा केली, तर गाठ गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला होती. अशा गाठीने सहसा रक्तस्राव वाढत नाही. वाढतो तो आतल्या पोकळीत शिरलेल्या गाठीने. आतल्या अस्तराचा नमुना तपासला, त्यातही काही वावगं निघालं नाही.

थायरॉईडची गोळी आणि लोहाचं औषध सुरू झालं. चौथ्या महिन्यात ताईचा फोन आला. म्हणाली, "या वेळी रात्री एकदाही चादर बदलावी लागली नाही गं." एवढं बोलली आणि रडायला लागली.

म्हणून सांगते, जिवावरची घाई नसेल तर थांबा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. पांढरं जातं म्हणून, किंवा पिशवीच्या तोंडाला जखम आहे म्हणून कुणी थेट पिशवी काढायला सांगितली, तर नक्कीच दाखवा. बीजकोशातली साधी पाण्याची गाठ कित्येकदा दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरते. जास्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे, नुसती गाठ काढून पिशवी ठेवताही येते. यातलं माझ्यासाठी काय चालेल, आणि चालणार नसेल तर का नाही, हे विचारा. बीजकोश ठेवणार की काढणार, हे तर विचाराच. पाळी जायच्या आधीच दोन्ही काढले तर ती एकदम थांबते, अंगातून वाफा निघायला लागतात आणि पुढे हाडं ठिसूळ होण्याचा, हृदयविकाराचा धोका वाढतो.

दुसरं मत घेतलं की शस्त्रक्रिया टळतेच, असं मात्र नाही. माझ्या एका मैत्रिणीला दोन्ही डॉक्टरांनी एकच सांगितलं, पिशवी काढा. तिने काढली, आणि मनात किंतू न ठेवता काढली.

आणि काही वेळा थांबायचंच नसतं. गर्भ नळीत राहून नळी फुटली, बीजकोशाला पीळ पडला, तर तास मोजायचे नसतात, जे डॉक्टर समोर असतील त्यांचं ऐकायचं. पाळी जाऊन वर्ष उलटलंय आणि पुन्हा रक्त दिसलं, तर तपासणीला उशीर नको. कर्करोगाची शंका असेल तर दुसरं मत जरूर घ्या, पण काही दिवसांत घ्या, महिने घालवू नका.

जाताना सगळे कागद न्या. अस्तराचा नमुना तपासला असेल तर त्याच्या काचपट्ट्याही मागून घ्या, त्या पुन्हा तपासता येतात. आणि पाळीच्या तारखा लिहून न्या. माझा हा जुना हट्ट आहे, मुलीची पहिली पाळी आली की तिच्या हातात एक वही द्यावी. घरातल्या सगळ्या हिशेबांच्या वह्या आपण ठेवतो, ही एक कुणी ठेवत नाही.

पुन्हा एकदा सांगते. जिवावरची घाई नसेल तर थांबा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. आपल्या डॉक्टरांना तसं सरळ सांगून जा. कागद मागणं हा तुमचा हक्कच आहे.

ताईची ती गाठ अजून आहे. अधूनमधून ती सोनोग्राफी करून घेते. आता ती ४९ची झाली, पाळी दोन-दोन महिने लांबायला लागलीय. पाळी गेली की अशा गाठी बहुधा आकसतात, असं डॉक्टरबाईंनी तिला सांगितलंय.

नमस्कार.